नाव एकीकडे, गाडी दुसरीकडे

रोव्हर ही मोटार आज कोणाची, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिजची एमजी रोव्हर कंपनी एप्रिल २००५ मध्ये बुडाली. त्याआधीच रोव्हर २५, रोव्हर ७५ आणि त्यांच्या इंजिनाचे बौद्धिक हक्क शांघायच्या एसएआयसी या सरकारी कंपनीने विकत घेऊन ठेवले होते. कारखान्यातली यंत्रं, साचे आणि 'एमजी' हे नाव त्याच वर्षी जुलैमध्ये नानजिंगच्या दुसऱ्या एका चिनी कंपनीने घेतलं. 'रोव्हर' हे नाव मात्र बीएमडब्ल्यूकडे राहिलं होतं. ते २००६ मध्ये फोर्डकडे गेलं आणि २००८ मध्ये जॅग्वार-लँड रोव्हरच्या व्यवहाराबरोबर टाटा मोटर्सकडे आलं. म्हणजे नावाची मालकी मुंबईत, आराखडे शांघायमध्ये, यंत्रं नानजिंगमध्ये, आणि ज्यांनी ती गाडी वर्षानुवर्षं बांधली ते हजारो कामगार बर्मिंगहॅममध्ये घरी बसलेले. शांघायकडे गाडी होती, नाव नव्हतं. म्हणून 'रोवी' हे नवं नाव घडवण्यात आलं आणि रोव्हर ७५ च्या आधारावर बेतलेली रोवी ७५० ही गाडी २००६ मध्ये लोकांसमोर आली. या गोष्टीत पुणंही आहे. रोव्हरचा बिल्ला लावून ब्रिटनमध्ये २००३ पासून विकली गेलेली 'सिटीरोव्हर' ही मुळात आपली टाटा इंडिका होती आणि ती पुण्यातूनच जात होती.

हे पुस्तक लिहायला मी बसलो तो या गुंत्यामुळे. मोटार म्हणजे एकसंध वस्तू, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिच्यात निदान चार वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: नाव, आराखडे, साचे-यंत्रं, आणि ती बांधणाऱ्यांच्या हातातलं कसब. युरोप-अमेरिकेत या चारही गोष्टी बहुधा एकाच छपराखाली वाढल्या, म्हणून त्या वेगळ्या असू शकतात हे तिथे जाणवलं नाही. चीनमध्ये गेल्या चाळीस वर्षांत त्या सुट्या झाल्या, वेगवेगळ्या वाटांनी आल्या आणि वेगवेगळ्या रीतीने जगल्या. जन्मभूमीत संपलेली कितीतरी नावं तिथे टिकली, काही तर तिथेच मोठी झाली. ती कशामुळे टिकली आणि त्या टिकण्यातून कोणाला काय मिळालं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

परक्या गाडीला चीनमध्ये दीर्घ आयुष्य मिळण्याची परंपरा पाश्चात्त्य कंपन्यांच्या आधीची आहे. चांगचुनच्या कारखान्यातून १९५६ मध्ये बाहेर पडलेला 'जिएफांग' ट्रक म्हणजे सोव्हिएत झिस-१५० होता. तो फारसा न बदलता १९८६ पर्यंत, पूर्ण तीस वर्षं बनत राहिला. प्रवासी मोटारींची गरज सरकारी कचेऱ्यांपुरती होती आणि उत्पादन नगण्य होतं. सत्तरच्या दशकाअखेरीस अर्थव्यवस्थेची दारं किलकिली झाली तेव्हा चिनी नेतृत्वापुढे प्रश्न होता तो हा, की शून्यापासून शिकायचं की शिकवणारा घरी आणायचा. उत्तर भागीदारीचं निघालं. १९८३ च्या मे महिन्यात अमेरिकन मोटर्सने बीजिंगच्या मोटार कारखान्याशी करार केला आणि १९८५ पासून तिथे जीप चेरोकी बनू लागली. त्याच सुमारास फोक्सवॅगन शांघायमध्ये उतरली, प्यूजो ग्वांगझूमध्ये. पुढे चांगचुनला ऑडी आणि जेट्टा आल्या, वूहानला सित्रोएन, आणि १९९७ च्या करारानंतर शांघायला जनरल मोटर्सची ब्युइक. परक्या भागीदाराचा हिस्सा पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नये, हे १९९४ च्या धोरणाने पक्कं केलं. ती अट २०१८ पासून टप्प्याटप्प्याने सैल होत २०२२ मध्ये प्रवासी मोटारींपुरतीही उठली. एवढा सांगाडा वाचकाने मनात ठेवला की पुढची प्रकरणं कुठूनही वाचता येतील.

सगळ्यांत जास्त जागा मी फोक्सवॅगनच्या सँटानाला दिली आहे, आणि ती द्यायलाच हवी होती. युरोपात या गाडीचं कौतुक असं झालंच नाही. पसाटच्याच सांगाड्यावरची ही डिकीवाली सेडान १९८१ मध्ये आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यालाच जर्मनीत तिचं नाव मागे पडलं. शांघायच्या पश्चिमेला आनटिंग इथे एप्रिल १९८३ मध्ये पहिली सँटाना जोडली गेली ती जर्मनीहून आलेल्या सुट्या भागांच्या संचातून. सुरुवातीच्या वर्षांत त्या गाडीत चिनी बनावटीचा वाटा २.७ टक्के होता. टायर, रेडिओ, अँटेना आणि छोटा बिल्ला, एवढंच काय ते चीनचं. बाकी प्रत्येक स्क्रू परकीय चलन खर्चून आणायचा. शांघायचे नेते, विशेषतः १९८८ मध्ये महापौर झालेले झू रोंगजी, या आकड्याने अस्वस्थ होते. पण त्यांचा आग्रह असा, की सुटे भाग देशात बनवायचे ते जर्मन कसोटीला उतरणारेच. दर्जात सूट द्यायची नाही. सायकली, शिवणयंत्रं आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या देशातल्या कारखान्यांना एकाएकी असे दिवे, अशी सीट, असं स्टीअरिंग बनवायचं होतं, जे फोक्सवॅगनच्या वुल्फ्सबुर्गमधल्या तपासणीत नापास होणार नाही. दशकभरात बहुतेक गाडी देशी भागांची झाली. शांघायभोवती पुरवठादारांचं जे जाळं त्यातून विणलं गेलं, त्यावरच पुढे चिनी कंपन्या उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये टेस्लाने शांघायमध्ये वर्षभराच्या आत कारखाना चालू केला, त्यालाही अशाच तयार जाळ्याचा आधार होता.

मुंबईच्या वाचकाला अशी गोष्ट अनोळखी नाही. इटलीने सोडून दिलेली फियाट ११०० कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी म्हणून शतक संपेपर्यंत बनत होती आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यावर होती. शांघायच्या टॅक्सीवाल्याचं सँटानाशी असलेलं नातं याच जातीचं. कुठल्याही कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणारी, सुटे भाग सर्वत्र मिळणारी, मागच्या सीटवर घरच्यांना आणि डिकीत सामानाला जागा देणारी गाडी. फरक आहे तो आजूबाजूच्या व्यवस्थेचा. पद्मिनी परवान्यांच्या भिंतीआड टिकली आणि ती भिंत पडल्यावर संपली. सँटानालाही भिंतीचं संरक्षण होतं, पण त्या आडोशाच्या काळात तिच्याभोवतीच्या कारखान्यांवर शिकण्याची सक्ती होती. मूळ सँटाना २०१२ पर्यंत बनत राहिली आणि मग तेच नाव एका नव्या गाडीला मिळालं.

जुन्या सँटानातला एक बदल मला फार बोलका वाटतो. १९९५ मध्ये ब्राझीलच्या अभियंत्यांच्या मदतीने 'सँटाना २०००' आली, तेव्हा तिचा व्हीलबेस २५४८ मिलिमीटरवरून २६५६ वर नेण्यात आला. वाढलेले १०८ मिलिमीटर जवळजवळ सगळे मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे गेले. गाडीचा खरा ग्राहक मागे बसत होता. पुढे पगारी चालक, मागे अधिकारी किंवा कारखान्याचा संचालक. जर्मन अभियंत्याने चालवणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेली गाडी चीनने बसणाऱ्यासाठी लांब केली. हाच धागा पुढे लांब व्हीलबेसच्या ऑडी ए-६ मध्ये, मग बीएमडब्ल्यू ५ आणि मर्सिडीज ई-क्लासमध्ये गेला. चीनच्या मागणीतून रुळलेली ती लांब ई-क्लास २०१७ पासून उजव्या स्टीअरिंगसह आपल्या चाकणला तयार होऊ लागली, कारण इथला मालकही मागेच बसतो.

टिकण्याची दुसरी तऱ्हा ब्युइकची. शांघायमध्ये या नावाची प्रतिष्ठा क्रांतीपूर्व काळापासून होती. सम्राट पु यी यांच्याकडे ब्युइक होती, पुढे चौ एन-लायही ती वापरत. १९९८ च्या डिसेंबरमध्ये शांघायच्या नव्या कारखान्यातून पहिली ब्युइक बाहेर आली तेव्हा ग्राहकाला नावाची ओळख करून द्यावी लागली नाही. मग जनरल मोटर्सने या एका बिल्ल्याखाली जगभरातल्या आपल्या गाड्या आणल्या. कोरियातली देवू ब्युइक एक्सेल झाली, जर्मनीतली ओपल अॅस्ट्राही ब्युइक झाली, आणि पॉन्टिअॅकच्या व्हॅनची ब्युइक जीएल-८ झाली. ही व्हॅन पाहुण्यांना विमानतळावरून आणणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या दारात उभी दिसू लागली आणि पॉन्टिअॅक हे नाव इतिहासजमा झाल्यानंतरही तिची नवी-नवी रूपं निघत राहिली. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. पॉन्टिअॅक, सॅटर्न, हमर या नावांवर काट मारली गेली. अमेरिकेत म्हाताऱ्यांची गाडी म्हणून दुर्लक्षित झालेली ब्युइक वाचली. त्या वर्षी तिथे साधारण एक लाख ब्युइक विकल्या गेल्या आणि चीनमध्ये त्याच्या चौपटीहून जास्त. एका अमेरिकन नावाचा प्राण चिनी ग्राहकाने राखला, आणि २०१६ पासून चीनमध्ये बनलेली ब्युइक एन्व्हिजन अमेरिकेतच विकायला गेली.

काही वेळा यंत्रांनीच प्रवास केला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात वेस्टमोरलँडला फोक्सवॅगनचा कारखाना होता, तो १९८८ मध्ये बंद पडला. त्याची यंत्रसामग्री चांगचुनच्या कंपनीने घेतली आणि जेट्टाची दुसरी पिढी तिथे १९९१ पासून २०१३ पर्यंत निघत राहिली. सँटाना, जेट्टा आणि वूहानची सित्रोएन 'फुकांग' यांना चिनी लोक 'जुन्या तिघी' म्हणतात. जेट्टा हे नाव तर इतकं रुजलं की २०१९ मध्ये फोक्सवॅगनने त्याचा चीनपुरता स्वतंत्र ब्रँडच केला. त्या गाड्यांवर फोक्सवॅगनचं बोधचिन्ह नाही. गाडीपासून नाव सुटं करून वापरण्याचे असे प्रयोग पुष्कळ झाले. फोर्डने एस्कॉर्ट हे युरोपात मागे पडलेलं नाव २०१५ च्या सुमारास चीनमध्ये काढलं, शेव्हरोलेने कॅव्हेलियर आणि मॉन्झा ही जुनी नावं. युरोपात मॉन्डेओ २०२२ मध्ये थांबली, त्याच वर्षी चीनमध्ये तिची नवी पिढी आली. या गाड्यांच्या मागच्या बाजूला नीट पाहिलं तर सगळी भागीदारी एका ओळीत वाचता येते. डिकीच्या झाकणावर चिनी अक्षरांत इथल्या उत्पादक कंपनीचं नाव, मधोमध परदेशी बोधचिन्ह, आणि मॉडेलचं नाव रोमन अक्षरांत. चिनी अक्षरांतलं ते नाव शोभेसाठी नाही. ते नियमानेच बंधनकारक होतं.

यशाच्याच कथा सांगितल्या तर चित्र खोटं होईल. ब्रेमेनची बोर्गवर्ड १९६१ मध्ये बुडाली होती. अर्धशतकानंतर चिनी फोटोन कंपनीच्या पैशाने ते नाव पुन्हा उभं केलं गेलं, बीजिंगजवळ कारखाना झाला, आणि २०२२ मध्ये पुन्हा दिवाळं निघालं. नाव होतं, पण त्यामागे आराखडेही नव्हते आणि चिनी ग्राहकाच्या मनात आठवणही नव्हती. साबचं उलटं झालं. २००९ च्या अखेरीस बीजिंगच्या कंपनीने साबच्या जुन्या ९-३ आणि ९-५ या मॉडेलांचे हक्क घेतले, गाड्या काढल्या, पण नाव हाती नव्हतं. प्यूजोने ग्वांगझूमध्ये जुनी ५०५ दामटली, भागीदारीत भांडणं झाली, १९९७ मध्ये गाशा गुंडाळावा लागला आणि तिथे होंडा आली. याउलट जीली या चिनी कंपनीने २०१० मध्ये फोर्डकडून व्होल्वो घेतली तेव्हा नाव, आराखडे, कारखाने आणि माणसं असं सगळंच अखंड घेतलं, आणि स्वीडनमधले कारखाने व अभियंते जागच्या जागी राहू दिले. माझ्या मते या साऱ्या चाळीस वर्षांतला तो सर्वांत शहाणपणाचा व्यवहार आहे.

या विषयावर आजवर जे लिहिलं गेलं त्याचे ढोबळ तीन प्रवाह दिसतात. पहिला पत्रकारांचा. जिम मान यांचं 'बीजिंग जीप' हे १९८९ चं पुस्तक त्यातलं आद्य; डॉलर संपल्यामुळे जीपचे सुटे भाग आणणं अडलं आणि भागीदारी कोसळायच्या बेताला आली, ती हकिगत त्यात आहे. दुसरा प्रवाह स्थानिक शासनाकडे पाहणारा. एरिक थन यांच्या अभ्यासाने दाखवलं की एकाच देशात, एकाच धोरणाखाली शांघाय पुढे गेलं आणि ग्वांगझू-बीजिंग रखडले, कारण शहर-शासनांची पुरवठादारांना घडवण्याची रीत वेगळी होती. सँटानाचं माझं प्रकरण या विचाराचं ऋणी आहे. तिसरा प्रवाह चीनच्याच आतला, आणि सर्वांत तीव्र. बाजारपेठ द्यायची आणि तंत्रज्ञान घ्यायचं, या सूत्रातून तंत्रज्ञान आलंच नाही, असं पेकिंग विद्यापीठाचे लू फंग यांनी मांडलं. सरकारी कंपन्या परक्या गाडीच्या नफ्यावर सुस्तावल्या आणि स्वतःची गाडी आखायला विसरल्या. माजी यंत्रोद्योगमंत्री हे ग्वांगयुआन यांनी तर २०१२ मध्ये या भागीदाऱ्यांची तुलना अफूच्या व्यसनाशी केली, आणि अफूचा उल्लेख चीनमध्ये कोणी सहज करत नाही. मला ही टीका अर्धी पटते. भागीदारीने गाडी आखायला शिकवलं नाही हे खरं, पण गाडी बनवायला, तपासायला आणि लाखोंच्या संख्येने एकसारखी बनवायला शिकवलं, आणि हे शिक्षण नसतं तर आखणी कागदावरच राहिली असती. आखणी चिनी कंपन्या शिकल्या भागीदारीबाहेर: लाँगब्रिजच्या आराखड्यांतून, व्होल्वोच्या शेजारी बसून, आणि मग स्वतःच्या बळावर.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर आकड्यांत आहे. चीनच्या प्रवासी मोटारींच्या विक्रीत देशी ब्रँडचा वाटा २०२० मध्ये चाळीस टक्क्यांहून कमी होता. २०२४ मध्ये तो पासष्ट टक्क्यांवर गेला. दशकानुदशकं पहिल्या क्रमांकावर असलेल्या फोक्सवॅगनला २०२३ मध्ये देशी बीवायडीने मागे टाकलं. विजेच्या आणि प्लग-इन गाड्यांनी २०२४ च्या जुलैत किरकोळ विक्रीचा निम्मा टप्पा ओलांडला. जनरल मोटर्सला त्याच वर्षाअखेरीस चीनमधल्या व्यवसायापोटी पाच अब्ज डॉलरहून मोठा फटका हिशेबात धरावा लागला, आणि फोक्सवॅगनच्या ज्या उरुम्चीच्या कारखान्यात सँटाना बनत असे तो विकला गेला. ज्या नावांना चीनने तगवलं ती आता तिथेच मावळू लागली आहेत. ती जोडणारे कामगार अजून कामाच्या वयात आहेत, ती चालवलेले टॅक्सीवाले अजून आठवणी सांगू शकतात. आणखी वीस वर्षांनी हे लिहिणं म्हणजे फक्त कागदपत्रं चाळणं उरेल, ही मला खरी काळजी आहे.

दुसरं कारण घराजवळचं. २००० च्या अखेरीस चीनमध्ये आलेली ब्युइक सेल ही मुळात ओपल कोर्सा होती. पुढे ती शेव्हरोले झाली, मग शांघायच्या अभियंत्यांनी नव्याने आखली, आणि २०१२ मध्ये तळेगावच्या कारखान्यातून शेव्हरोले सेल म्हणून आपल्या रस्त्यावर आली. जनरल मोटर्सने गुजरातमधला हालोलचा कारखाना सोडला, तो एसएआयसीने घेतला आणि २०१९ मध्ये तिथून एमजी हेक्टर निघाली. ऑक्सफर्डमध्ये १९२४ साली रुजलेलं नाव, चिनी आराखड्याच्या गाडीवर, भारतीय कामगारांच्या हातून. आता भारतातल्या त्या एमजी कंपनीत मुंबईच्या जेएसडब्ल्यूचा वाटा आहे. जीप कंपासची गोष्ट याच्या उलट आहे. ती ग्वांगझूलाही बनत होती आणि पुण्याजवळच्या रांजणगावलाही. ग्वांगझूची भागीदारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, रांजणगावची ओळ चालू राहिली. मराठी माणूस या उद्योगात कामगार आहे, अभियंता आहे, पुरवठादार आहे. ज्या निर्णयांनी त्याची नोकरी येते आणि जाते, ते कसे घडतात हे त्याला त्याच्या भाषेत वाचता यावं, ही या लेखनामागची तळमळ आहे.

पुस्तकाची मांडणी कंपन्यांनुसार किंवा सालांनुसार केलेली नाही. एकेका नावाचा किंवा साच्याचा मागोवा घेत, ते जिथे-जिथे गेलं तिथे-तिथे मी गेलो आहे. त्यामुळे एखादं प्रकरण बर्मिंगहॅममध्ये सुरू होऊन हालोलला संपतं. जपानी आणि कोरियन कंपन्यांचा चीनमधला प्रवास तितकाच मोठा आहे, पण त्याची कारणं वेगळी आहेत आणि त्याला वेगळं पुस्तक हवं, म्हणून तो इथे ओझरताच येतो. ऑस्ट्रियाच्या श्टायर ट्रकची आणि इटलीच्या इव्हेको व्हॅनची चीनमधली कहाणी एका छोट्या प्रकरणात आहे. मालवाहू गाड्यांकडे अभ्यासकांचं लक्ष कमी गेलं, तरी त्यांनी देशाची बांधकामं आणि बाजार चालते ठेवले. चिनी व्यक्ती-स्थळांची नावं उच्चाराच्या जवळ जातील अशी, आणि वर्तमानपत्रांमुळे रुळलेली असतील तर रुळलेली तशीच ठेवली आहेत. वाहन-तंत्राची माहिती नसलेल्या वाचकाने सँटानाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, आणि कारखान्यात काम करणाऱ्याने थेट तळेगावच्या.